बाहेरची कडी

"एवढ्या शिकल्या, इलायतेची पुस्तकं वाचत्यात, आन् एक दार आतनं लावता येत न्हाई," सारजाबाई माझ्या कानाशी पुटपुटली. "कडी घालाया दुसरं मानूस लागतं. जनू कोंबड्याच डालायच्यात."

मी तिला कोपरानं ढोसलं. इंदुताई चार पावलांवर उभ्या राहून चपला काढत होत्या. त्यांनी ऐकलं असणार, कारण त्या हसल्या. पण त्या सारजाबाईचं सगळंच ऐकायच्या आणि सगळ्यालाच हसायच्या. दोन्ही हात स्पिरिटनं धुऊन वर धरलेले, कोपरापासून थेंब गळताहेत, अशा त्या पाठीनं दार ढकलून आत गेल्या.

"यशोदाबाई, चारपर्यंत. मध्ये कुणालाही उघडू देऊ नका."

"बरं, ताई."

मी दार ओढलं, कडी घातली, खाली उंबऱ्याशी कार्बोलिकात भिजवलेलं फडकं कोंबलं आणि पुन्हा हौदावर येऊन बसले. तीन वाजायला थोडा वेळ होता.

आमची प्रयोगशाळा विद्यापीठाची, पण जागा लष्कराची. लढाईच्या दिवसांत रहाटणीच्या माळावर पलटणीसाठी बराकी बांधल्या होत्या. लढाई सरली, पलटण गेली आणि त्यातली एक बराक विद्यापीठाच्या वाट्याला आली. काम मातीचं. कुठून कुठून माती यायची, चाकणच्या कांद्याच्या वाफ्यातली, थेरगावच्या मळ्यातली, नदीच्या गाळाची. ती काचेच्या वाट्यांत घालून बुरशी वाढवायची आणि त्यातली कोणती बुरशी रोगाचे जंतू मारते ते बघायचं. पलीकडे पिंपरीला औषधांचा कारखाना झाला तेव्हापासून बुरशीला फार मान आला होता. सारजाबाई म्हणायची, "आमी लोनच्यावरची काढून उकिरड्यावर टाकतो, आन् ह्ये दूध पाजून वाढवत्यात."

आम्ही दोघी बाटल्या धुवायचो. सारजाबाई रहाटणीची सून, चाकणकडची लेक. मी सातारा जिल्ह्यातली. नवरा कारखान्यात लागला म्हणून मुलांना घेऊन पिंपरीला आले आणि शेजारणीनं सांगितलं म्हणून इथे चिकटले. आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या भिजवून सोडवता सोडवता एकेक अक्षर ओळखायला लागले. इंदुताईंनी एकदा पाहिलं आणि उरलेलं शिकवलं. माझं पहिलं वाचन म्हणजे 'विष', 'हात लावू नये' आणि 'उलटी करू नका' एवढंच होतं. पण वाचन ते वाचन.

इंदुताई ज्या खोलीत गेल्या तिला सगळे 'स्वच्छ खोली' म्हणायचे. पलटणीच्या वेळी तिथे काडतुसं ठेवत. हातभर जाडीच्या दगडी भिंती, वर सिमेंटचं छत, खिडकी नाही. आणि काडतुसं काही आतून दार लावून बसत नाहीत, म्हणून कडी फक्त बाहेर. माळावरचा वारा असा की कडी घातली नाही तर दार भडाभड उघडायचं, धूळ आत जायची आणि दोन महिन्यांची बुरशी एका दुपारीत नासायची. आतून कडी बसवून द्या म्हणून आमच्या साहेबांनी, उद्धवरावांनी, विद्यापीठाला दोनदा लिहिलं. मग इंदुताईच म्हणाल्या, राहू द्या. हात धुऊन आत शिरायचं आणि मग त्याच हातांनी कडी धरायची, तर धुतले कशाला? तेव्हापासून पद्धत पडली. कडी मी घालायची. काम झालं की त्या आतून कोपरानं दोनदा ठोकत. दोनदाच. मी असेन तिथून उठून जायची आणि उघडायची.

खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान होता. साहेबांना एकदा आत जायचं होतं तर मी म्हटलं होतं, "ताईंनी ठोकलं नाही अजून." आणि ते थांबले होते.

त्या दुपारी आधी आवाज आला. दूरवरून, जमिनीच्या खालून, दगड भरलेली गाडी पुलावरून जावी तसा.

"आज सुरुंग लौकर उडवला," सारजाबाई बाटलीतला ब्रश न थांबवता म्हणाली.

नवे कारखाने उठत होते, खाणीत रोज सुरुंग लागायचे, आम्हाला सवय होती. पण सुरुंगाआधी खाणीतली शिट्टी वाजते आणि शिट्टी झाली नव्हती. हे माझ्या डोक्यात आलं तोवर हौदातलं पाणी एका अंगाला चढलं. परातीतलं दूध उचलताना कलावं तसं. चढलं, थांबलं आणि दुसऱ्या अंगानं माझ्या मांडीवर आलं.

मग बाटल्या बोलायला लागल्या. फळ्यांवर शेकड्यानं धुतलेल्या बाटल्या होत्या. त्या आधी हळू, एकमेकींशी कुजबुजल्यासारख्या किणकिणल्या, मग जोरात. मी त्यांच्याकडे बघत राहिले. सांगते, मला वाटलं की मला घेरी आली. बायकांना आधी असंच वाटतं, की दोष आपल्यातच आहे.

सारजाबाई ओरडली, "बया, भुई!"

पहिली फळी खाली आली. मग दुसरी. काच फुटण्याचा आवाज मी रोज ऐकायची, एक बाटली फुटली तर दिवसभर हळहळायची. तेव्हा सगळी बराक एकदम फुटत होती आणि मला एकाही बाटलीचं वाईट वाटलं नाही. वरची कौलं दात वाजल्यासारखी वाजत होती. भिंत माझ्यापासून लांब गेली आणि जवळ आली. बाटल्या उकळायच्या वाफेच्या हंड्याचं झाकण शीळ घालत होतं. कुणीतरी "देवा, देवा" म्हणत होतं, आणि ते मीच होते हे मला मागाहून कळलं.

मी उठले. पायाखाली काच होती आणि मी अनवाणी. पडवीतून धावायचं तर पाय कापून निघतील, एवढा विचार मला सुचला. सुचतो. जीव जात असतो तेव्हाही बाईला पायाखालची घाण दिसते. स्वच्छ खोलीच्या दारासमोर इंदुताईंच्या चपला होत्या, नीट जोडीनं ठेवलेल्या, जमीन हलत होती तरी शेजारी शेजारी. मी त्यांत पाय घातले. लहान होत्या. टाच बाहेर राहिली. तशीच पळाले.

अंगणापलीकडच्या कडुलिंबाखाली आम्ही पोचलो तेव्हा जमीन थांबली होती, पण आमचे पाय थांबत नव्हते. झाडावरचे सगळे पक्षी उडून गेले होते. माळावर कुठंच आवाज नव्हता. मग एकदम सगळीकडची कुत्री रडायला लागली.

सारजाबाई खाली बसून दोन्ही हातांनी माती धरून होती, जणू ती सोडली तर पुन्हा निघून जाईल. उद्धवराव साहेब मागच्या दारानं आले. चष्मा नव्हता, हातात रिकामा कप होता आणि तो ते सांभाळून धरून होते. पहारेकरी गेनबा फाटकावरून पळत आला. त्याचं मुंडासं सुटून खांद्यावर लोंबत होतं.

"समदी आली का भाईर? मोजा, मोजा," गेनबा म्हणाला, आणि आम्ही कुणी मोजत नाही बघून तोच मोजायला लागला. "सायेब येक. सारजाबाई दोन. यशोदाबाई तीन. मी चार. आन्..."

तो थांबला. आम्ही चौघंही थांबलो.

झाडाखाली येताच मी चपला पायातून काढून टाकल्या होत्या. का, ते सांगता येणार नाही. पाय भाजल्यासारखे झाले होते. त्या दोन्ही मातीत पडल्या होत्या, एक सुलटी, एक उलटी. गेनबाची नजर त्यांवर गेली आणि त्याच्या तोंडावर रंग आला.

"ह्या ताईंच्या चपला की! चपला हितं हायत म्हंजी ताई भाईर आल्या. सुटलो राव!"

"हां," उद्धवराव म्हणाले. चष्मा नसल्यानं ते चपलांकडे वाकून बघत होते. "हां, त्यांच्याच. म्हणजे आल्या. गेल्या असतील स्टेशनकडे. वडील एकटे असतात ना पुण्याला. काळजी वाटली असेल."

सारजाबाईनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग चपलांकडे. मग ती कुत्र्यांकडे बघायला लागली.

मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

हे वाचणारं कुणी विचारील, स्टेशनकडे गेल्या तर अनवाणी कशा गेल्या? चपला इथे टाकून, मैल दीड मैल, काट्यांतून? हा प्रश्न तिथे कुणालाही पडला नाही. उद्धवराव मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांनाही नाही. आम्हा चौघांना त्या चपला इतक्या हव्या होत्या की त्यांत पाय कुणाचे होते हे कुणी बघितलं नाही. ज्या दोघींना ठाऊक होतं त्याही गप्प राहिल्या.

"माझी पोरं शाळेत हायत," सारजाबाई मधेच म्हणाली.

तेव्हा मला माझी आठवली. माझीही शाळेत होती, पिंपरीला. लोक म्हणतात, अशा वेळी आईला आधी पोरं आठवतात. मला आधी माझे पाय आठवले होते. पोरं नंतर, तीही दुसरीनं नाव काढल्यावर.

"शाळेची इमारत बैठी आहे," उद्धवराव म्हणाले. "मैदान मोठं आहे. मुलं बाहेर आणली असतील. बैठ्या इमारतींना धोका नसतो." आणि मग आपली बराकही बैठीच आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते हातातल्या कपात बघायला लागले.

त्या गप्पपणात आवाज आला.

ठक ठक.

थांबला. पुन्हा, ठक ठक.

दोनदाच. जेवढं ठरलं होतं तेवढंच. भुई फाटायची वेळ आली तरी त्या बाई पद्धत सोडत नव्हत्या. मला वाटलं, जास्त ठोकलं तर मला घाई केल्यासारखं होईल म्हणून त्या दोनदाच ठोकताहेत. त्या तशाच होत्या.

"खिडकीचं दार आपटतंय," उद्धवराव म्हणाले.

वारा नव्हता. कडुलिंबाचं पान हलत नव्हतं.

"व्हय, खिडकीच," गेनबा म्हणाला. "न्हाईतर पानी ठिबकत असंल. नळ फुटला आसंल."

"नळच," मी म्हटलं.

मी म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून चालणार नाही.

मग आम्ही बोलायला लागलो. इतकं बोललो, इतकं बोललो, की चौघं मिळून वर्षभरात तेवढं बोललो नसू. गेनबानं सांगितलं की फाटकाजवळच्या विहिरीचं पाणी गढूळ झालंय, चहासारखं. उद्धवरावांनी सांगितलं की पृथ्वीच्या पोटात खडक सरकतात, त्याच्या लाटा असतात, पहिली लाट, दुसरी लाट. गेनबानं विचारलं, अजून किती लाटा बाकी हायत सायेब? ते म्हणाले, ते सांगता येत नाही, म्हणून तर कुणीही आत जायचं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. आत जायचं नाही. कुणी जातो म्हणालंच नव्हतं.

"आत काय हाय आता जायला," गेनबा म्हणाला. "समदी काच."

"तेच," उद्धवराव म्हणाले. "सामानच आहे. सामान काय, पुन्हा येईल."

आणि मधल्या प्रत्येक फटीत, ठक ठक. आता थोडं जोरात. मग दोनाचे चार झाले. मग मोजता येईना असे. एकदा पातळ, लांबून आल्यासारखा आवाजही आला. जाड भिंतीतून येताना शब्द गळून पडले होते, नुसता सूर उरला होता. आम्ही सगळे एकदम मोठ्यानं बोललो.

दुसरा हादरा तेव्हाच आला. पहिल्यापेक्षा लहान होता, पण आता आम्हाला ठाऊक होतं तो काय आहे, म्हणून जास्त मोठा. कडुलिंबाचं खोड माझ्या पाठीत ढुशी मारल्यासारखं हललं. सारजाबाईनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर चार दिवस तिची बोटं त्यावर दिसत होती. बराकीच्या पडवीची कौलं एका ओळीनं घसरली, पत्त्यांसारखी, आणि धुळीचा लोट उठला. धूळ बसली तेव्हा स्वच्छ खोलीच्या भिंतीत एक भेग दिसली. वरून खाली, विजेसारखी वाकडी. आधी नव्हती.

धुळीत वास होता. मी नाक वर केलं. स्पिरिटचा. आणि कापड जळल्याचा.

स्वच्छ खोलीत स्पिरिटचा दिवा असायचा, बुरशी उचलायची तार तापवायला. बाजूला स्पिरिटची मोठी बाटली. ती भरून मीच ठेवली होती सकाळी.

ठोकणं चालूच होतं. मला ते नको होतं आणि ते थांबायलाही नको होतं. ठोकणं चालू आहे तोवर तो नळ आहे, खिडकी आहे, काहीही आहे. आपण बसून राहू शकतो. आवाज येतोय म्हणजे सगळं ठीक आहे, असलं काहीतरी माझं मन म्हणत होतं. मन असलं बोलतं. मी त्याला बोलू दिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. उद्धवरावांचं घड्याळ आत टेबलावर होतं.

मग सारजाबाई म्हणाली, "थांबलं."

काय थांबलं, असं कुणीही विचारलं नाही.

मी उठले. शूरपणा वगैरे काही नव्हता. खाली बसायलाच येईना. आणि खरं सांगायचं तर मला लघवीला झाली होती. अशी मी अंगण ओलांडायला लागले. मागून उद्धवराव ओरडले, "यशोदाबाई! परत या! छत येईल!" मी वळून पाहिलं नाही. वळले असते तर परत गेले असते.

शेजारी पावलं वाजली. सारजाबाई होती. सगळी वाट ती पुटपुटत होती. "मराया चाललो दोगी... सकाळची भाकरी बी पोटभर खाल्ली न्हाई... ह्या कडीचा मुडदा बशिवला..." तिच्या त्या कुरकुरीचा मला एवढा आधार वाटला की मी तिचा पदर धरला.

पडवीत घोट्याएवढी कौलं आणि काच. कडी जागेवरच होती. मी हात घातला. हलेना. वरून चौकट दबली होती, दार तिरकं झालं होतं आणि कडी कोयंड्यात रुतून बसली होती. मी दोन्ही हातांनी ओढली. नख मुळापासून उखडलं, ते मला संध्याकाळी दिसलं. दाराखालच्या फडक्याच्या कडेनं धूर येत होता. पातळ, निळसर.

"ताई!" मी हाक मारली. "ताई, आलो आम्ही!"

आत काही नाही.

"पहार!" सारजाबाई अंगणाकडे वळून किंचाळली. "गेनबा, मुडद्या, पहार आन की रं!"

गेनबा फाटकाजवळच्या खोपीकडे पळाला, पहार घेऊन आला आणि पडवीच्या पायरीशी थांबला. पायरीवर पाय ठेवायचा आणि मागे घ्यायचा. ठेवायचा आणि मागे घ्यायचा. "लेकरं हायत माजी," तो म्हणाला. रडत होता. सारजाबाई पायरीपर्यंत गेली, तिनं त्याच्या हातातली पहार ओढून घेतली आणि तो पहार सोडेना म्हणून पहारीबरोबरच वर आला.

मग आम्ही तिघांनी पहारीवर भार टाकला. चौकटीतून लाकडाचा कुरकुर आवाज, वरून भुगा, आणि त्या भुग्याबरोबर बारीक बारीक खडे आमच्या डोक्यावर. उद्धवराव लांबून ओरडत होते, "हळू! भिंतीला धक्का लावू नका!" सारजाबाईनं त्यांना काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पहिल्या झटक्याला काहीच झालं नाही. दुसऱ्याला कोयंडा उखडला. दार एक वीत उघडलं आणि अडलं. तेवढ्या फटीतून मी आडवी होऊन आत घुसले. बाटल्या धुऊन धुऊन अंगावर मांस राहिलं नव्हतं, त्याचा एकदा उपयोग झाला.

आत धुरानं डोळे उघडेनात. मी भुईवर हात फिरवत गेले. काच, ओलं, गरम, काच. दगडी ओट्याखाली माझ्या हाताला केस लागले.

इंदुताई गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. पांढरा कोट अंगावर नव्हता. तो जमिनीवर काळा होऊन पडला होता. त्यांनी जळतं स्पिरिट त्याच्याखाली दाबून विझवलं होतं. हाताचे तळवे लाल, फुगलेले. दोन्ही कोपरं सोलून हाड दिसायचं बाकी होतं. मांडीत बुरशी वाढवलेल्या काचेच्या नळ्या होत्या, सात की आठ. नळ्यांच्या तोंडात कापसाचे बोळे तसेच घट्ट.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना बगलेत धरून ओढलं. फटीतून आधी त्या, मग त्या नळ्या, मग मी. आम्ही अंगणात पोचलो आणि मागे भिंतीचा एक तुकडा पडवीत पडला. भेगेतून सुटलेला, पाटाएवढा. गेनबा मटकन खाली बसला.

पाच वाजले असतील. ऊन तसंच होतं, दुपारसारखं, काही झालंच नाही असं. पिंपरीकडून सायकलवरून आलेल्या एकानं सांगितलं की शाळेची पोरं मैदानात बसवली आहेत, सगळी खुशाल आहेत, दोघातिघांना खरचटलंय. सारजाबाई ऐकून रडली आणि मग रडल्याबद्दल कुरकुरली. मी इंदुताईंच्या हातांना खोपीतलं खोबरेल लावलं आणि पदर फाडून गुंडाळला. गेनबानं तीन दगडांवर चहा ठेवला, पिंपातल्या पाण्याचा, कारण विहिरीचं पाणी कुणी प्यायला तयार नव्हतं. कप तोच एक शाबूत होता, साहेबांनी सांभाळलेला. त्यात इंदुताईंना दिला. त्यांना धरता येईना, मी पाजला.

आणि सगळे त्यांच्याशी बोलत होते.

"आम्हाला वाटलं तुम्ही गेलात," उद्धवराव म्हणाले. "चपला बाहेर दिसल्या ना. म्हणजे साहजिकच—"

"चपला बगितल्या आन् जीव भांड्यात पडला बगा," गेनबा म्हणाला.

"आणि तो आवाज केवढा," उद्धवराव म्हणाले. "कौलं, काच, कुत्री. कानठळ्या बसल्या होत्या."

इंदुताई ऐकत होत्या. चपलांकडे त्यांनी बघितलं, त्या अजून मातीत तशाच होत्या. त्या कशा बाहेर आल्या हे त्यांनी विचारलं नाही. नुसतं एकदा म्हणाल्या, "मी ठोकत होते."

"हो ना," उद्धवराव म्हणाले.

मग ते खोपीतून एक कागद आणि टाक घेऊन आले. अहवाल आजच्या आज विद्यापीठाला जायला हवा, म्हणाले, नाहीतर उद्या दहा गोष्टी उठतील. स्टुलावर बसून, चष्म्याशिवाय, कागद नाकाला लावून त्यांनी लिहिलं. वाईट माणूस नव्हते ते. इंदुताईंसाठी डॉक्टर आणायला त्या सायकलवाल्याला त्यांनीच हात जोडून पाठवलं होतं. कागदावर शाईचे दोन डाग पडले. लिहून झाल्यावर म्हणाले, हजर असलेल्यांनी सही करा, म्हणजे प्रश्न मिटला.

गेनबानं सही केली, वाकडी, जीभ बाहेर काढून. सारजाबाईनं शाईत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि तो लुगड्याला पुसत राहिली, डाग गेला तरी पुसत राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

कागद माझ्याकडे आला.

वाचता येत नसतं तर मीही अंगठा टेकवून मोकळी झाले असते. पण मी वाचलं. एकेक अक्षर. वर तारीख, वेळ, मग हादरा, मग नुकसान, आणि खाली एक ओळ: 'हादऱ्याच्या व पडझडीच्या आवाजामुळे आतील ठोकणे उपस्थितांपैकी कोणासही ऐकू आले नाही.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. टाक माझ्या हातात होता, टोकाला शाईचा थेंब लोंबत होता. कामावरून जायचं हे मला दिसत होतं. नवऱ्याला काय सांगायचं तेही दिसत होतं. त्याहून जास्त भीती वाटत होती ती समोर बसलेल्या बाईची. तिच्या बांधलेल्या हातांची. दुपारभर मी जमिनीला भ्याले होते, त्याच्या दुप्पट भ्याले.

"सही करा, यशोदाबाई," उद्धवराव हळूच म्हणाले. विनवल्यासारखे.

मी कागद मांडीवर ठेवला आणि इंदुताईंकडे पाहिलं.

"ऐकू येत होतं, ताई," मी म्हटलं. "पहिल्यापासून. सगळ्यांना."